उळ्यात लपलेला रंग

(पुणे येथे शनिवार पेठेत झालेल्या जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज आपण रंगाबद्दल बोलणार आहोत. झेंड्याच्या नव्हे, कांद्याच्या. काही जण हसले, ते आम्ही पाहिले. पण ज्याच्या ट्रॉलीतल्या लाल कांद्यात मूठभर पांढरे निघाले आणि आडत्याने ढीग विस्कटून भाव पाडला, त्याला हसू येत नाही. कांदा तोच, वजन तेवढेच, खतपाणी-मजुरी तेवढीच. फक्त रंग मिसळला.

आपण बसलो आहोत त्या पेठेला हा व्यवहार काही नवा नाही. पुण्याची भाजी एके काळी इथेच, शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर विकली जायची. १८८६ साली मंडई शुक्रवार पेठेतल्या दगडी इमारतीत गेली. त्या इमारतीवर खर्च करू नये, तो पैसा शिक्षणावर लावावा, असे म्हणणारे जोतीराव फुले नगरपालिकेत होते. आणि पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव लागले. असो. पटांगण गेले, इमारत आली, तरी गिऱ्हाईक बदलले नाही. ते हाताने दाबते, नाकाने हुंगते, पण निवडते डोळ्याने. वांगे काटेरी आणि पांढऱ्या पट्ट्याचे असेल तर मांजरीचे, कांदा लाल असेल तर आपला, पिवळा असेल तर परका.

हा रंग दिल्लीपर्यंत पोचतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. सप्टेंबरच्या अखेरीस कर्नाटकातल्या ‘बंगलोर रोज’ या गुलाबी कांद्याला त्यातून सूट मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात साफ बंद झाली. आणि २५ एप्रिल २०२४ रोजी, बंदी चालू असतानाच, गुजरातेतला २००० टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला परवानगी निघाली. नाशिक-पुणे-नगरचा लाल कांदा चाळीत, आणि पांढरा जहाजात! ४ मे २०२४ ला बंदी उठली, शुल्क राहिले. तेही १ एप्रिल २०२५ पासून गेले. त्या धोरणाबद्दल बोलायचे ते आपण वेळोवेळी बोललो आहोत, आज ते उगाळत नाही. मुद्दा एवढाच की कांद्याच्या साली‍वरचा रंग म्हणजे नुसती शोभा नाही. त्यावर भाव ठरतो, गिऱ्हाईक ठरते, कधी कधी सरकारी हुकूमसुद्धा ठरतो. मग तो रंग कांद्यात येतो कुठून, हे ज्याच्या शेतात कांदा पिकतो त्याला ठाऊक नको काय?

गुऱ्हाळाचा दृष्टांत

कांद्याच्या प्रत्येक पेशीत १६ गुणसूत्रे असतात, आठ आईकडची, आठ बापाकडची. त्यांत लिहिलेला मजकूर माणसाच्या मजकुराच्या जवळजवळ पाचपट आहे. म्हणजे कांदा माणसापेक्षा शहाणा असे नव्हे, त्याच्या वहीत रिकामी बडबड फार. त्यातली चार-पाच जनुके रंगाचा कारभार बघतात.

हा कारभार गुऱ्हाळासारखा आहे. चरक फिरला तर रस निघतो, रस आटवला की काकवी, काकवीच्या पुढे नेले की ढेप. कांद्याच्या पापुद्र्यातही पायऱ्या आहेत. आधी रंगहीन द्रव्ये, मग क्वेर्सेटीन नावाचे पिवळसर द्रव्य, आणि वेगळ्या वाटेने आणखी दोन-तीन पायऱ्या गेले की अँथोसायनिन हे लाल-जांभळे द्रव्य. लाल कांद्यात दोन्ही असतात. पिवळा कांदा म्हणजे ज्याचे काम काकवीपर्यंत आले आणि थांबले. पांढरा कांदा म्हणजे ज्याचा चरकच फिरला नाही.

१९४४ साली अमेरिकेत क्लार्क, जोन्स आणि लिटल या तिघांनी कांद्यांचे संकर करकरून, पिढ्या मोजून, यातली तीन जनुके नक्की केली. १९६७ साली एल-शाफी आणि डेव्हिस यांनी आणखी दोन सांगितली. त्यांना त्यांनी इंग्रजी अक्षरांची नावे दिली. आपण कामावरून नावे देऊ. एक आहे चरकाचे जनुक; ते दोन्ही बाजूंनी बिघडलेले असले की कांदा पांढरा, पुढची सगळी जनुके धडधाकट असली तरी पांढरा. एक आहे ढेपेचे. ते दोन्ही बाजूंनी बिघडले की कांदा लाल होत नाही, पिवळा राहतो. आणि एक आहे कुलपाचे. हे उलट्या स्वभावाचे. ते आले की गुऱ्हाळाला कुलूप. एकाच बाजूने आले तरी रंग जवळजवळ जातो, कांदा मळकट पांढरा दिसतो. दोन्ही बाजूंनी आले की स्वच्छ पांढरा.

म्हणजे पांढरे कांदे दोन जातीचे झाले, चरक मोडलेले आणि कुलूप लागलेले. दिसायला सारखे. पण शेतकऱ्याच्या हिशेबात दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, ते पुढे सांगतो.

एक गंमत आहे. दोन पिवळे कांदे एकमेकांशी लागले तर पोरे पिवळीच व्हावीत, असे आपल्याला वाटते. पण कधी कधी ती लाल निघतात. कारण ढेपेपर्यंतच्या वाटेवर पायऱ्या एकाहून जास्त. एकाचा गुळव्या आजारी, दुसऱ्याची कढई फुटकी. पोराला एकाची कढई मिळाली, दुसऱ्याचा गुळव्या मिळाला, गूळ तयार! असे लाल कांदे पाहून आपण बियाणेवाल्याला शिव्या देतो, आणि बियाणेवाला मधमाशीला.

मधमाशी आणि दोन वर्षांचा उधार

मधमाशीचा दोष मात्र पुष्कळ वेळा खरा असतो. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. फुलाचे स्वतःचे पराग वाया जातात आणि दुसऱ्याचे लागतात. हे आणून देण्याचे काम माशा करतात, आणि माशीला बांध कळत नाही. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी गोंड्यांच्या दोन प्लॉटमध्ये किमान अर्धा किलोमीटर, आणि पायाभूत बियाण्यासाठी एक किलोमीटर अंतर ठेवायचा नियम आहे. तुमच्या गावात कुणी लाल कांद्याचे गोंडे धरले, शेजारच्याने पांढऱ्याचे धरले, आणि मध्ये एक ओढा, तर त्या नियमाचे काय होते ते तुम्हीच बघता.

आता यातली खरी मेख ऐका. मक्यात परका पराग आला तर त्याच कणसात दाण्याचा रंग बदललेला दिसतो. कांद्यात तसे नाही. लाल कांद्याचे उळे काळे, पांढऱ्याचे काळे, पिवळ्याचेही काळे. मुठीत घेऊन बघा, उन्हात धरून बघा, काही कळायचे नाही. लेबलवर उगवण किमान ७० टक्के असल्याचे लिहिले असेल, ते खरेही असेल. रंग मात्र तुम्हाला रोप टाकून, लावणी करून, तीन-चार पाण्यांचे पैसे आणि खुरपणीची मजुरी घालून, कांदा फुगल्यावर कळणार. भांडायला जायचे तेव्हा पिशवी फाटलेली, पावती हरवलेली आणि दुकानदार गावाला गेलेला.

त्यातही काही भेसळ पहिल्या पिढीत दिसतच नाही. लाल कांद्याच्या गोंड्यावर पिवळ्याचा पराग आला. पोराला आईकडून ढेपेचे चांगले जनुक मिळाले, बापाकडून बिघडलेले. एक चांगले असले की काम भागते. कांदा लालच दिसतो. तो प्लॉट बघायला तुम्हाला नेले, तुम्ही चारी बाजूंनी हिंडून आलात, एकही पिवळा दिसला नाही. तुम्ही खूश, बियाणे घेतले. त्या लालांची एकमेकांत लग्ने लागली आणि असे दोन लपलेले एकत्र आले, की त्यांच्या चार पोरांत सरासरी एक पिवळा. हा उधार दोन वर्षांनी वसूल होतो, आणि होतो तुमच्याकडून.

आता हिशेब

पाटी काढा. तुमच्या लाल कांद्यात शंभरात एक पांढरा निघतो असे धरा, आणि तो चरक मोडलेल्या जातीचा आहे असे धरा. बहुतेक जण म्हणतात, शंभरात एक म्हणजे काय मोठे, वेचून टाकू. वेचा. पण पांढरा व्हायला दोन बिघडलेली जनुके एकत्र यावी लागतात. शंभरात एकदा ती एकत्र येतात, याचा अर्थ दहातले एक जनुक बिघडलेले आहे. दहातले एक आणि दहातले एक, गुणाकार शंभरातला एक. मग ज्यांच्यात एक चांगले आणि एक बिघडलेले आहे असे किती? दहातले एक गुणिले दहातले नऊ, आणि हे दोन प्रकारे घडते, आईकडून किंवा बापाकडून. शंभरात अठरा.

तुमच्या डोळ्याला एक पांढरा दिसतो. त्याच्या मागे अठरा लाल कांदे असे आहेत की जे दिसायला लालबुंद, आणि पोटात पांढरा घेऊन बसलेले.

दर पिढीत सगळे पांढरे वेचून टाकले तर काय होते? दहातले एक होते ते अकरातले एक होते. पुढच्या पिढीला बारातले एक. दहा पिढ्या मन लावून वेचले की विसातले एक, म्हणजे पांढरे चारशेत एक. रब्बीच्या कांद्याची पिढी दोन वर्षांची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, एप्रिलात कांदा, तो चाळीत ठेवून पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचा, पुढल्या एप्रिलात उळे. दहा पिढ्या म्हणजे वीस वर्षे. वेचायला सुरुवात बापाने केली तर चारशेत एक बघायला पोरगा येईल. खरिपाच्या कांद्याला एका वर्षात पिढी होते, तिथे दहा वर्षे.

आणि पांढरा कुलूप लागलेल्या जातीचा असला तर? तर एका झटक्यात सुटका. कारण कुलपाचे जनुक लपत नाही, एक जरी असले तरी कांदा मळकट पांढरा दिसतो. पांढरे आणि मळकट पांढरे सगळे वेचून टाका, पुढच्या पिढीत काही उरत नाही. माशीने पुन्हा आणले नाही तर. म्हणून वेचताना नुसते पांढरे बाजूला फेकू नका. ढिगात मळकट, मलईच्या रंगाचे आहेत का ते बघा. असले तर कुलूप आहे, आशा धरा. एकीकडे लालबुंद आणि एकीकडे दुधासारखे, मधला कुणीच नाही, असे असेल तर बहुधा चरक मोडलेला आहे आणि ते बियाणे पुढे चालवण्यात अर्थ नाही. पायाभूत बियाणे आणून नव्याने सुरुवात करणे स्वस्त पडते.

पांढऱ्या कांद्याचे बियाणे राखणाऱ्याचे नशीब याच्या उलट. चरक मोडलेल्या पांढऱ्याच्या गोंड्यावर लाल पराग आला, की पोरे लगेच रंगीत निघतात. भेसळ पहिल्याच पिढीत उघडी पडते. रायगड जिल्ह्यात अलिबागेकडचे शेतकरी भातानंतर पांढरा कांदा घेतात, माळा विणून विकतात, बियाणे घरचे राखतात. त्या कांद्याला आज भौगोलिक मानांकन आहे. त्यामागे चव आहे, जमीन आहे, आणि रंगीत दिसला की उपटून टाकणाऱ्या बायकांची नजर आहे. त्यांना कुणी पैदासकार म्हटले नाही, एवढेच.

रंग हे चिलखत

कुणी विचारील, लाल-पांढऱ्याचा हा घोळ कशाला, सगळ्यांनी पांढराच लावावा. सुकवणारे कारखाने तोच मागतात. जळगावच्या जैन कारखान्याने शेतकऱ्यांशी करार करून पांढरा कांदा घेण्याची पद्धत पाडली, ती खरीच आहे. वाळवलेल्या चकतीत लाल रंग काळवंडतो, म्हणून त्यांना पांढरा हवा.

पण रंग फुकट जात नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जे. सी. वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या दशकात एक गोष्ट दाखवली, ती आज जगभर वनस्पतिरोगाच्या पुस्तकांत आहे. पांढऱ्या कांद्यावर एक बुरशी काळे डाग आणि वलये पाडते. रंगीत कांदा तिला दाद देत नाही. का? रंगीत कांद्याच्या वाळलेल्या पत्तीत कॅटेकोल आणि प्रोटोकॅटेच्युइक आम्ल अशी दोन द्रव्ये असतात. ती पाण्यात उतरतात आणि बुरशीचे बीज रुजूच देत नाहीत. वरची वाळकी पत्ती सोलून काढली की रंगीत कांदाही बळी पडतो. (ही आपल्या चाळीतली काजळी नव्हे, ती वेगळी बुरशी.) म्हणून पांढरा लावायचा तर त्याची वाळवणी आणि साठवण जास्त जपून करावी लागते, आणि कराराचा भाव ठरवताना हे जपणे हिशेबात धरावे लागते. कारखानदार ते आपणहून धरणार नाही.

पिवळ्याचेही तसेच. युरोप-अमेरिकेत नेहमीचा कांदा पिवळा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने निर्यातीसाठी फुले सुवर्णा हा पिवळा वाण दिला. पण इथल्या मंडईत पिवळा विकायला गेलात तर गिऱ्हाईक म्हणते, हा शिळा दिसतो. पिवळा लावणाऱ्याने गिऱ्हाईक आधी बांधावे. आणि त्याचे गोंडे लाल गोंड्यांपासून दूर धरावेत, शेजाऱ्यावर उपकार होतील.

प्रत्येक रंगबिघाड बियाण्याचा नसतो

हे सांगणे आवश्यक आहे, कारण भांडण खोट्या पायावर उभे केले की खरे भांडणही हरते. मातीतून उघडा पडलेला कांदा उन्हाने हिरवा होतो, त्यात जनुकाचा दोष नाही. जांभळ्या वांग्याच्या देठाची टोपी उचलून बघा, पुष्कळ जातींत खालची साल फिकट असते. जांभळे द्रव्य व्हायला ऊन लागते. टोमॅटोचे तांबडे द्रव्य कडक उन्हाळ्यात नीट तयार होत नाही, खांदे पिवळे राहतात.

मे २०२० मध्ये पुणे-नगर-नाशिक भागात टोमॅटोवर पिवळे-पांढरे पट्टे पडले, फळे पिकेनात. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिले. ठाणेबंदीचा काळ, मार्केट आधीच मोडलेले, त्यात हे. पुष्कळांनी बियाणे खोटे म्हणून ओरड केली. बंगळूरच्या संस्थेत नमुने तपासले तेव्हा काकडीवरच्या मोझॅक विषाणूचे नाव पुढे आले. तो विषाणू मुख्यतः मावा पसरवतो. म्हणून रंग बिघडला की आधी तीन प्रश्न विचारा. सगळ्या शेतात आहे की कडेला? एकाच वाणाला आहे की शेजारच्या दुसऱ्या वाणालाही? पानांवर काही दिसते का? बियाण्याची भेसळ शेतभर विखुरलेली असते, एकटी-दुकटी, आणि तिचे झाड निरोगी असते.

आपण काय मागायचे, काय करायचे

२००१च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखायला, पेरायला, देवघेव करायला आणि विकायलाही हक्क दिला आहे. फक्त दुसऱ्याच्या छापाच्या पिशवीत विकता येत नाही. फुरसुंगीसारखे वाण शेतकऱ्यांनीच राखले आहेत. तो हक्क वापरायचा तर बियाणे चोख ठेवायची विद्याही आपली असली पाहिजे. हक्क आपला आणि विद्या विद्यापीठाची, असे फार दिवस चालले.

ती विद्या आता पुष्कळ पुढे गेली आहे. २००४ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी दाखवून दिले की पिवळ्या कांद्यात डी.एफ.आर. नावाचे जनुक कामच करत नाही. आपण ज्याला ढेपेचे जनुक म्हटले तेच हे. बिघाड नेमका कुठे ते सापडले, की पातीचा तुकडा तपासून लाल कांद्यात लपलेला पिवळेपणा सांगता येतो, गोंडा यायच्या आधी. मघाशी सांगितलेले लपलेले पिवळे शोधण्याचा हा मार्ग आहे. पुणे जिल्ह्यातच, राजगुरुनगरला, कांदा-लसणाचे राष्ट्रीय संशोधन संचालनालय आहे. भीमा नावाचे लाल आणि पांढरे वाण त्याने दिले आहेत. आमचे म्हणणे असे की शेतकऱ्याने राखलेल्या बियाण्याची रंगतपासणी वाजवी पैशांत कुठल्याही शेतकऱ्याला करून मिळावी. फुकट नको. मातीपरीक्षणाचे पैसे देतो, याचेही देऊ.

तोवर हाताने करण्याचे काम आहे. उळे घरी धरणाऱ्याने मातृकांदे निवडताना ढिगाच्या कडेचे चार उचलू नयेत, निदान काहीशे कांदे लावावेत. थोड्या कांद्यांवर बियाणे धरले की पिढ्यांमागून पिढ्या वाण खंगतो. विकत घेणाऱ्याने पिशवी, लेबल, पावती आणि मूठभर उळे कांदा विकून होईपर्यंत कोरड्या डब्यात ठेवावे. भेसळ मोजायची तर दहा-वीस कांदे बघून बोलू नये. शंभरात एक भेसळ असेल तर ती दिसण्याची शंभरात पंच्याण्णव खात्री यायला तीनशे कांदे बघावे लागतात, तेही शेताच्या वेगवेगळ्या भागांतले.

आणि गोंड्यांचे अंतर एकट्याने पाळता येत नाही. ते गावाने पाळायचे असते. पुढल्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. यंदा गावात गोंडे कुणी धरले, कुठल्या गटात धरले, कोणत्या रंगाचे धरले, आणि शिवेपलीकडच्या गावात काय आहे. नकाशा चांगला काढता आला नाही तरी चालेल, ओढा आणि विहिरी दाखवा. गोंडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतात, म्हणजे दसऱ्याच्या आत कागद हाती आले तर कुणाचा प्लॉट कुठे सरकवायचा ते ठरवायला वेळ मिळेल.